मानाचा गलेफ

मिरजेचा उरूस इंग्रजी कॅलेंडरच्या कुठल्याच महिन्याला बांधलेला नाही. हिजरी वर्षातल्या रजबमध्ये तो येतो, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षं थंडीत, काही वर्षं वळवाच्या पावसात. एक गोष्ट मात्र जागची हलत नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ (चादर) चढतो आणि उरूस सुरू होतो.

व्यासपीठावरच्या पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडते. ‘हेच आपल्या सलोख्याचं प्रतीक’ असं म्हणून ते टाळ्या घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. (मिरज जंक्शन असल्यामुळे गाडी कुठल्याही दिशेची मिळते.) मला त्या टाळ्यांचा थोडा राग येतो. गलेफ घेऊन निघालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर प्रतीकबितीक काही नसतं, असते ती लग्नघरची धावपळ. वाजंत्री वेळेवर आली का, फुलं कमी पडली का, म्हाताऱ्यांना रिक्षा सांगितली का. घरचं कार्य असल्यासारखं ते चाललेलं असतं, आणि ते घरचंच असतं.

मान मिळाला म्हणजे समता आली असं नाही. उरुसातल्या एका दिवसानं उरलेल्या वर्षाचा हिशेब चुकता होत नाही, हे ज्यांचा मान आहे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. तरी मानाला सत्कारापेक्षा धार असते. सत्कार यंदा याचा झाला तर पुढच्या वर्षी त्याचा होतो, शाल-श्रीफळाला कोणीही चालतं. मान काढून घ्यायचा तर अख्ख्या गावाशी भांडण काढावं लागतं. अलीकडे गावोगावी वारसा सप्ताह, वारसा फेरी असले कार्यक्रम होतात. फेटे बांधलेल्या मुली, जुन्या वाड्यासमोर छायाचित्रं, शेवटी अल्पोपाहार. वाईट काही नाही त्यात. पण ते झाले नाहीत तर कोणाचं काही अडत नाही, आणि गावाचा सण झाला नाही तर मात्र अडलं पाहिजे असं मला वाटतं.

दर्ग्यावर चर्मकारांचा मान असलेल्या या मिरजेचं वैविध्य कोणी ठरवून आणलेलं नाही. बरीचशी माणसं इथं बरी व्हायला आली. कैराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ प्लेगनं आजारी पडले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना उतार पडला, अशी इथली श्रद्धा. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी दारूकामात अधू झाले. उपचारासाठी त्यांना मिरजेला आणलं आणि ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती लागले. दृष्टी पुरती परत आली नाही, पण ग्वाल्हेरची गायकी मिळाली, आणि त्याच पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस अमेरिकन मिशनतर्फे आले आणि १८९४ मध्ये त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. पटवर्धनांचं संस्थान, सुफी संतांचा दर्गा, मिशनचा दवाखाना आणि ग्वाल्हेर-किराण्याचं गाणं एका छोट्याशा गावात शेजारी शेजारी राहू लागलं, ते असं ज्याच्या त्याच्या गरजेपोटी.

सतारमेकरांचं तेच. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तशी एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली, संस्थानिकांचा आश्रय मिळाला. आता सतारमेकर गल्लीत शिरलं की पायरीपायरीवर भोपळे दिसतात. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो कापायचा, भिजवायचा, आत काड्या देऊन हवा तेवढा फुगवायचा, मग वाळवायचा. पण सगळ्यात बघण्यासारखं काम जवारीचं. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. कानशीचा एखादा हात जादा पडला तर तार ठणठणीत वाजते, गुंजत नाही. कमी पडला तर आवाज दबतो. मी बघत बसलो होतो तो कारागीर मधेच थांबला, तारेखाली सुताचा दोरा सारला, केसभर पुढे-मागे केला, आणि तोवर तुटक असलेला नाद एकदम खोलीभर पसरला. ‘आला,’ एवढंच तो म्हणाला, जणू कोणी दारात येऊन उभं राहिलं होतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले गेले असतील. पण खिशातल्या मोबाईलवर तानपुरा वाजतो त्या काळात कागदाचं हे मानांकन पोराला बापाच्या शेजारी किती दिवस बसवून ठेवेल, याची मला शंका आहे.

आणि हो, याच गावात २००९ च्या गणेशोत्सवात एका स्वागत कमानीवरच्या चित्रावरून दंगल उसळली. संचारबंदी लागली, मूर्तींचं विसर्जन रखडलं, लोण सांगली-कोल्हापूरपर्यंत गेलं. मिरजेवर लिहिणारे हे वर्ष बहुधा गाळतात. गाळलं की सलोखा या मातीतच उगवतो, त्याला काही करावं लागत नाही, असं वाटायला लागतं. त्यानंतरही उरूस भरला, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाण्याच्या बैठका झाल्या, सतारमेकरांच्या घरची वाद्यं त्या बैठकांना गेली. दंगलीनं जे तुटलं ते सगळं यातून सांधलं, असं म्हणायचा मला अधिकार नाही. कामाचे धागे भाषणांपेक्षा चिवट निघाले, एवढं म्हणता येईल.

अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी इथं गाऊन गेले. दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, रात्रभर. बाहेर पाळणे, जिलेबीच्या कढया आणि पिपाण्या; आत कोणी मारव्याचा षड्ज शोधत असतो. पिपाण्यांबद्दल तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही.

श्रोत्यांत सतारमेकर असतात, शक्यतो मागे. ते गायकाकडे कमी आणि तानपुऱ्याकडे जास्त बघतात. एकदा पुण्याहून आलेल्या एका तरुण गायकाचा पूर्वार्ध संपला, तसे एक चाचा लुंगी सावरत थेट मंचामागे गेले. ओळख ना पाळख. ‘गाणं ब्येस हाय बेटा, पण पंचमाची तार बदला. मगापासनं ती रडतीय.’ गायकानं आधी आयोजकांकडे पाहिलं. आयोजक दुसरीकडे बघत होते. मग त्यानं तार बदलली.