सुट्टीतली मुले आणि शिबिरातले ताई-दादा

दिवसाच्या उन्हाळी शिबिरात मुले सकाळी येतात आणि ऊन तापायच्या आत घरी जातात. मुक्काम नसतो, परीक्षा नसते, हजेरीची सक्तीही नसते. म्हणून आज आलेले मूल उद्या येईल की नाही, हे बहुतेक वेळा त्याला सांभाळणाऱ्या तरुणावर ठरते. मराठी शिबिरांत या तरुणांना ताई किंवा दादा म्हणतात. ते शिक्षक नसतात आणि पालकही नसतात, पण दोघांच्याही वाटणीचे थोडे थोडे काम त्यांच्याकडे येते.

सुट्टीतल्या शिबिरांचा उगम शहरी गरजेत आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात फ्रेडरिक गन या शाळाचालकाने १८६१ मध्ये मुलांना घेऊन उघड्यावर तळ ठोकला. झुरिकमध्ये वाल्टर बियॉन या धर्मोपदेशकाने १८७६ मध्ये शहरातल्या गरीब, अशक्त मुलांना सुट्टीत डोंगरावर पाठवले. मुलांना झाडे, ओढे आणि मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा विचार. पुण्या-मुंबईतली शिबिरे आजही याच वाटेने जातात.

नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीला हा हिशेब लागू पडत नाही. नवापूर तालुक्यातले हे गाव सुरत-धुळे महामार्गावर आहे आणि नंदुरबार-शहाद्याकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. आजूबाजूच्या पाड्यांवर भिल्ल, मावची, कोकणा, गावित कुटुंबे राहतात. इथल्या मुलाला रान दाखवायला न्यावे लागत नाही. पहाटे उठून मोहाची फुले वेचणे, गुरे वळणे, टेंभुर्णीची पाने खुडणे हे त्याला शिबिरातल्या दादापेक्षा चांगले जमण्याचा संभव अधिक. त्याच्याकडे कमी असतो तो घरात राहण्याचा काळ. आश्रमशाळेत राहणारी मुले वर्षातले बहुतेक महिने घरापासून दूर असतात. काही कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, मुले त्यांच्यासोबत मजुरांच्या तळावर जातात आणि हंगाम सरल्यावर परततात. म्हणजे शाळेला कुलूप लागते तेव्हाच ही मुले गावात सापडतात. म्हणूनच इथे निवासी शिबिराचा आग्रह धरू नये. आधीच दहा महिने घर सोडून राहिलेल्या मुलाला सुट्टीतही दुसऱ्या छपराखाली झोपवण्यात काही शहाणपण नाही.

ताई-दादांच्या या कामाची मराठी परंपरा खानदेशात जवळच सापडते. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांच्यासाठी रोज हस्तलिखित अंक काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. त्यांच्या विचारांवर वाढलेल्या राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा आणि शिबिरांतून खेळ, गाणी, श्रमदान असा साचा रूढ केला. महाराष्ट्रातल्या पुष्कळ शिबिरांवर त्याची छाप आहे. आदिवासी भागासाठी त्याहून उपयोगी धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिला. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. विसरवाडीच्या परिसरात शिबिराची वेळ ठरवताना हेच करावे लागते. सकाळचे वेचण्याचे काम उरकून मुले येतील तेव्हा सुरुवात आणि ऊन चढले की सुट्टी.

खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हा मोठ्या झाडाची सावली हीच उत्तम जागा. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, मग गोष्ट, मातीकाम, गाणी आणि शेवटी खिचडी असा दिवस जातो. खरे काम मात्र या कार्यक्रमांच्या मधल्या फटींत असते. डाव हरल्यावर कोण मुकाट्याने बाजूला गेले, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी खेळायची राहिली का, मोजताना एक डोके कमी का भरले, हे ताईने बघायचे असते. कडेवरच्या भावंडाला परत पाठवा असे सांगणारी ताई त्या मुलीलाही गमावते. त्याच्यासाठी सावलीत गोधडी अंथरणे सोपे आहे.

भाषेबाबत बाहेरून आलेला कार्यकर्ता लंगडा पडतो. घरात मावची किंवा कोकणा बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीत प्रश्न आला की गप्प होते आणि त्याला काही येत नाही अशी समजूत होऊन बसते. पाड्यावरचाच, कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी ताई-दादा असेल तर गोष्ट घरच्या बोलीत सुरू होऊन मराठीत सरकू शकते. शहरी पाहुण्याने खेळाचे सामान आणावे, पण मुलांचा ताबा स्थानिक तरुणांकडेच द्यावा.

अभ्यास घ्यावा की नाही, यावर वाद होतो. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीने सरकारी शिक्षकांनी महिनाभराची वाचन-शिबिरे घेतली. मुलांचे गट इयत्तेनुसार न पाडता वाचता काय येते त्यावरून पाडले. मुलांचे वाचन मोजण्याइतके सुधारले. शाळेच्या चालू वर्षात मात्र हे यश सहज उतरले नाही, कारण तिथे अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आडवी येते. यावरून दिवसाचा तासभर वाचनाला देणे योग्य ठरते. त्याहून जास्त दिले तर शिबिराची शिकवणी होते आणि झाडाखालची मुले रानात पांगतात.

सुरक्षेत हयगय चालत नाही. विंचूदंश झाल्यास भगताकडे न नेता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे त्यावर प्राझोसिन हे परिणामकारक औषध ठाऊक झाले आहे. एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि ताई-दादाही त्यातून सुटत नाहीत. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आश्रमशाळेची मुले पेटी घेऊन निघतात आणि पहिल्या पावसाबरोबर घरोघरी पेरणीची धांदल सुरू होते. त्याआधीच शिबिर संपवून प्रत्येक मूल काय वाचू शकते याची वही ताई-दादांनी त्याच्या शिक्षकाकडे पोचवावी. ती न पोचल्यास नव्या वर्गात त्याची पुन्हा पहिल्या पानापासून चाचपणी होते.