धनावरचा नाग

लक्ष्मीपूजनाला आमच्या लोअर परळच्या घरात पाटावर जे धन मांडले जाते, ते पाहून लक्ष्मीलाही हसू येत असेल. बँकेचे पासबुक, चार कोऱ्या नोटा, सौभाग्यवतीच्या बांगड्या. आणि सर्वांत शेवटी आई देवघरातून आणून ठेवते तो नागाचा चांदीचा फणा, बोटाच्या पेराएवढा. नागपंचमीचा नाग लक्ष्मीपूजनाला कशाला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांची मुळे शोधायची खोड असते, घरातल्या वस्तूंची नव्हे.

गेल्या दिवाळीत ग्रंथालयातून पश्चिम आफ्रिकेतील दागिन्यांचे एक सचित्र पुस्तक घरी आणले होते. त्यात बुर्किना फासोमधल्या लोबी लोकांची सापाच्या आकाराची पितळी कडी होती; बेनिनच्या राजवाड्याच्या छपरावरून खाली तोंड करून उतरणारे पितळी अजगर होते. कडे म्हणजे तिकडे नुसता दागिना नव्हे, पैसासुद्धा. ‘मॅनिला’ नावाची उघड्या तोंडाची कडी शतकानुशतके बाजारात चालत. युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याच कड्यांवर माणसेही विकत घेतली. नायजेरियात इंग्रज सरकारने ती १९४८-४९ साली चलनातून काढून घेतली.

मला याचे फारसे नवल वाटले नाही. आपल्या कोकणपट्टीत आदिलशाहीच्या काळी मधोमध दुमडलेली चांदीची तार ‘लारी’ म्हणून चालतच होती. आणि दागिना हा अडीअडचणीचा पैसा, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

ती चित्रे मी कौतुकाने आईला दाखवली. एका कड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “अरे, ही तर माझी वाकी!”

मग कळले. आईचे माहेर बत्तीस शिराळ्याच्या बाजूचे. लग्नात मामाने तिला चांदीच्या वाक्यांची जोडी घातली होती. दंडाला वेढा घालून दोन्ही टोकांना फणे काढलेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. नाना साचेखात्यात होते. पावसाळ्यापर्यंत घरातली भांडीसुद्धा गेली, आणि नागपंचमी झाल्यावर आईने वाक्या सराफाकडे मोडीत घातल्या.

“सणाआधी नाही मोडल्या. नाग म्हणजे आपला भाऊ. त्याच्यासाठी उपास धरायचा आणि त्यालाच मोडायचं? सराफाला म्हटलं, एवढा एक फणा कापून द्या, त्याचं वजन धरू नका.”

“वाईट वाटलं असेल तुला,” मी म्हणालो.

“वाटलं की. पण दोन महिन्यांचं रेशन आलं, तुझं दूध आलं. भावाचं काम अडीनडीला धावून येणं. तो आला.”

नाना गिरणीत परत गेले नाहीत. भोंगे कधीच थांबले. गिरण्यांच्या आवारात आता मॉल उभे आहेत.

कृपण माणूस मेल्यावर नाग होऊन धनावर बसतो, अशी गोष्ट लहानपणी आईच सांगत असे. आमच्या घरी धन गेले आणि नाग तेवढा राहिला. यंदा लक्ष्मीपूजनाला तो फणा पाटावर मी स्वतः ठेवणार आहे, अगदी पहिल्यांदा, पासबुकाच्याही आधी.