गोंदियांत जेवावें कोठें?

प्रवासास निघतांना आमच्या घरीं पहिला विचार गाडीच्या वेळेचा होत नाहीं. वाटेंत खावयाचें काय आणि तें कोणाच्या हातचें, याचा होतो. गेल्या मार्गशीर्षांत गोंदियास जाण्याचें ठरलें तेव्हांहि तसेंच झालें. बरोबर आत्याबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढें, बाहेरचें अन्न जन्मांत घेतलेलें नाहीं, आणि दुधांत भिजविलेल्या दशम्यांचा डबा त्यांना तिकिटाइतकाच आवश्यक. आम्हांस तर नव्या गांवीं गेल्यावर तेथील भोजनगृहें धुंडण्याची भारी हौस! असे हे दोन पक्ष एकाच गाडींत बसून निघाले.

गोंदिया नागपूरच्या पूर्वेस, रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटरांवर. मुंबई-हावडा मार्गावरील हें मोठें जंक्शन. येथूनच एक फांटा उत्तरेस बालाघाट-जबलपूरकडे व दुसरा दक्षिणेस चंद्रपूर-बल्लारशाकडे जातो. हे दोन्ही फांटे एके काळीं अरुंद रुळांचे होते. आतां ते रुंद झाले आहेत आणि सातपुड्याच्या रानांतून झुकझुकत जाणारी ती लहानगी गाडी आठवणींत उरली आहे. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. एका अंगास मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगास छत्तीसगड. तेव्हां व्यापाराच्या व रेल्वेच्या निमित्तानें मारवाडी, गुजराती, सिंधी, तेलुगु असे नाना लोक येथें येऊन राहिले, यांत नवल नाहीं. आपण मराठींत विचारावें व उत्तर हिंदींत यावें, हा तर येथील नित्याचा शिरस्ता. गांवाचें नांव कोणी गोंदापासून, म्हणजे डिंकापासून, आलें असें सांगतात, कोणी गोंड लोकांपासून. आम्हीं हा वाद मिटविण्याचें मनांत आणलें नाहीं. पोटांत भूक होती.

सकाळीं बाजाराकडे निघावें आणि गोरेलाल चौकाच्या बाजूस पाय वळवावे. पोह्यांच्या गाड्यांभोवतीं माणसें उभीं असतात. येथील पोहे दोन देशांचे. नागपूरकडील मनुष्य त्यांवर हरभऱ्याची तिखटजाळ तर्री ओतून घेतो. रायपूरकडील मनुष्य त्याच पोह्यांबरोबर गरम जिलबी मागतो. आम्हीं दोन्ही प्रकार करून पाहिले व जिलबीच्या बाजूनें कौल दिला. तर्रीनें डोळ्यांस पाणी आणलें हें त्याचें खरें कारण. दाल-पकवान ही सिंधी मंडळींची देणगी. कुरकुरीत पापुद्र्यावर घट्ट डाळ व आंबटगोड चटणी! स्टेशनाच्या पलीकडे रेलटोलींत इडली-डोसा मिळतो. तेथेंच एक मौज झाली. विदर्भांत कोथिंबिरीस सांबार म्हणतात. भाजीवालीनें ‘सांबार घ्या जी’ म्हणून हिरवी जुडी पुढें केली, आणि पन्नास पावलांवर डोसेवाल्यानें ‘सांबार लीजिए’ म्हणून डाळीची वाटी पुढें केली. ‘या गांवांत एका शब्दाला एक पदार्थ पुरत नाहीं वाटतें!’ असें म्हणून आत्याबाईंनीं जुडी तेवढी घेतली.

दोन दिवस असे गेल्यावर मात्र एक गोष्ट आम्हांस खुपूं लागली. गोंदियास भातगिरण्यांमुळें तांदळाचें शहर म्हणतात. दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्यानें चंद्रपूर जिल्ह्यांत वेगळ्या लोंब्या निवडून वाढविलेला आणि मनगटी घड्याळाच्या नांवावरून ओळखला जाणारा एच.एम.टी. तांदूळ सर्वत्र माहीत आहे. दादाजी २०१८ सालीं वारले. त्या तांदळानें त्यांस नांव दिलें, धन दिलें नाहीं. अशा या तांदळाच्या मुलुखांत भोजनगृहाच्या ताटांत भात येतो तो शेवटीं, वाटीभर, व बहुधा निवालेला! फलकावर पंजाबी भाज्या, चिनी शेवया, मद्रासी डोसे. ज्यांच्या शेतांतून हा तांदूळ येतो त्या पोवार, कोहळी, गोंड, हलबा लोकांच्या घरचा एकहि पदार्थ नाहीं. बाहेरून आलेल्यांचें अन्न येथें विकत मिळतें. मूळच्यांचें मिळत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मोटार करून दक्षिणेस नवेगांवबांधाचा तलाव पाहण्यास गेलों. त्याच अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. मासा आणि भात हें त्यांचें अन्न या तळ्यांच्या देशांत त्यांस परकें वाटलें नसावें. गोठणगांवाजवळ १९७२ सालीं वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत आहे. थंडींत तेथील पुष्कळ मंडळी लोकरी कपडे विकण्यास गांवोगांव जातात, त्यामुळें वस्ती निवांत होती. एका घरीं उकडलेले मोमो मिळाले. आत्याबाईंनीं ते निरखून पाहिले व ‘मुरड आमच्या मोदकापेक्षां बरी आहे’ इतकाच अभिप्राय देऊन स्वतःची दशमी सोडली.

परततांना आमगांवच्या बाजूस ओळखीच्या एका पोवार शेतकऱ्याकडे दुपारीं उतरणें झालें. मळणी आटोपली होती. आमच्यासाठीं नव्या तांदळाचा भात, तुरीचें वरण, वांग्याची भाजी आणि तांदळाचे पातळ चिले असा बेत होता. आत्याबाईंचा डबा सकाळींच रिकामा झाला आहे हें आम्हांस ठाऊक होतें व आम्ही मनांतून धास्तावलों होतों. तेवढ्यांत घरधनीण पुढें आली. हातांत सूप; सुपांत तांदूळ, डाळ, मीठ, गुळाचा खडा व तुपाची वाटी.

‘आजी, हा शिधा तुमच्यासाठीं. पडवींत चूल सारवून ठेवली जी. घागर नवी आहे,’ ती म्हणाली. ‘आमच्या सासूबाई सांगून गेल्या, बामणाघरचें माणूस आलें तर असेंच करावें.’

तिच्या बोलण्यांत रागाचा लेश नव्हता. उलट कांहीं राहून तर गेलें नाहीं ना, अशीच काळजी होती. आम्हांस मात्र मान वर करवेना. आपल्या पाहुण्यानें आपल्या हातचें खाऊं नये याची तयारी त्या बाईनें पहाटेपासून, स्वतःच्या हातांनीं, इतक्या नीटनेटकेपणानें केली होती!

आत्याबाई बराच वेळ त्या सारवलेल्या चुलीकडे पाहत राहिल्या. मग पडवींतला पाट उचलून त्यांनीं आमच्या पंक्तीला मांडला.

‘या उन्हांत मी कुठें धूर फुंकीत बसूं? तुझ्याच पातेल्यांतला वाढ ग, बाई. आणि भात अंमळ मऊ असला तर बघ, दांत नाहींत मला.’

घरधनिणीनें पदर सारखा केला व ती भात वाढूं लागली. दुसऱ्यांदां वाढतांना तिनें विचारलें नाहीं. निघतांना शिध्याचे तांदूळ तिनें फडक्यांत बांधून गाडींत ठेवले. घरीं आल्यावर आत्याबाईंनीं ते डब्यांत भरले, आणि कोणी पाहुणे आले कीं त्यांतले मूठभर काढून त्या आपल्या हातानें शिजवितात. मात्र भात मऊ होतो, ही त्यांची तक्रार आहे, आणि पाणी किती घालावें हें विचारण्यासाठीं पुढल्या मार्गशीर्षांत पुन्हां आमगांवास जावें म्हणतात.