पालथी तीन, सुलटी चार!

बास्केटबॉलच्या सामन्यात पंचाचे हात कधी नीट बघितलेत? बघाच! मला हा नाद नुकताच लागलाय आणि आता चेंडूवर नजर ठरतच नाही.

नगरच्या शाळा-कॉलेजांच्या कोर्टवर खेळतात ते आंतरराष्ट्रीय, म्हणजे फिबाच्या नियमांनी. मोबाइलवर दिसते ती अमेरिकेची एनबीए. रिंग दोन्हीकडे 10 फुटांवरच, पण पंचांचे हात निराळे! चेंडू घेऊन घुसणारा बचावपटूला धडकला, की आपला पंच मूठ तळव्यावर आपटतो. धडकच दाखवतो जणू. अमेरिकी पंच त्याच फाउलला हात थेट डोक्यामागे नेतो!

आणि जर्सीचे नंबर? तिथे तर मी थक्कच झाले. फाउल झाला की पंच टेबलाकडे वळून खेळाडूचा नंबर बोटांनी सांगतो. कितीही कल्ला असो, स्कोअररला तो कळलाच पाहिजे. अमेरिकी हायस्कूलमध्ये एका अंकाला एका हाताची बोटं, म्हणजे जास्तीत जास्त पाच. म्हणून 6, 7, 8, 9 हे अंक जर्सीवर चालतच नाहीत! आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा क्रिकेटमधला 34 तिथे चालेल, सचिनचा 10 चालेल. धोनीचा 7 आणि विराटचा 18 मात्र बाद! तिथल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही बंदी उठली ती थेट 2023 मध्ये.

फिबाची युक्ती बघा. 7 म्हणजे एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन. 11 ते 15 असेल तर उजव्या हाताची मूठ, तिचे दहा. वरचे डाव्या हाताच्या बोटांवर. त्यापुढे तर कमालच! आधी हात पालथा करून दशक, मग तळवा टेबलाकडे करून एकक. 34? पालथी तीन, सुलटी चार. झालं! पूर्वी फिबाच्या सामन्यांत 4 ते 15 एवढेच नंबर असायचे, कारण एक, दोन, तीन बोटं गुण आणि फ्री थ्रो दाखवायला लागतात. आता 99 पर्यंत सगळे नंबर खुले!

पुण्याच्या स्नेहल बेंडके फिबाच्या आंतरराष्ट्रीय पंच. त्यांच्या सामन्यात टेबलावर कुठल्याही देशाची माणसं असोत, शब्दही न बोलता नंबर पोचतो. केवढी सोय ही, आणि तीही नुसत्या दहा बोटांत!

पुढच्या सामन्याला स्कोअररच्या टेबलामागची जागा धरा. पंचाचे तळवे तिथूनच समोर दिसतात.