लोखंड, कागद आणि वारस : जप्त वाहन परत मिळवण्याचा एक अनुभव

मालकी आणि ताबा हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, कारण ज्याची वस्तू त्याच्याच हाती असते असा नित्याचा अनुभव आहे. परंतु वस्तू चोरीला जाते, पोलिसांना सापडते आणि ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी राहते, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांपासून अलग होतात आणि घरातल्या सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट परक्या माणसापुढे पुराव्यानिशी मांडावी लागते. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याशी संबंध असल्यामुळे जप्त केलेली वस्तू. खटल्यात ती पुरावा असते आणि ज्याची चोरी झाली त्याच्या दृष्टीने ती त्याची हरवलेली चीज असते. या दोन भूमिकांमध्ये अडकलेले वाहन मूळ घरी परत आणताना प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला जे करावे लागले, त्याचे विवेचन येथे केले आहे.

हे वाहन म्हणजे लेखकाच्या वडिलांची मोटारसायकल होय. पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी 2024 च्या दिवाळीच्या सुमारास ती बाजारातून चोरीस गेली आणि वडिलांनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली. काही महिने तपास होऊनही चोर न सापडल्याने पोलिसांनी ‘अ समरी’ अहवाल तयार केला. गुन्हा खरा आहे, पण आरोपीचा शोध लागलेला नाही, असा निष्कर्ष कळवणाऱ्या अहवालास महाराष्ट्रात हे नाव आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये वडिलांचे निधन झाले. जून महिन्यात दुसऱ्या एका ठाण्याच्या पथकाने वाहनचोरीच्या प्रकरणात काही जणांना पकडले, त्यांच्याकडील दुचाकींमध्ये ही गाडी आढळली आणि ती मूळ गुन्हा नोंदवलेल्या ठाण्याकडे वर्ग झाली. अशा रीतीने गाडी सापडली तेव्हा फिर्यादी हयात नव्हता आणि ज्याच्या नावावर ती नोंदलेली होती तोही हयात नव्हता, कारण ते दोघे एकच होते.

अशा प्रकरणात दोन स्वतंत्र गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि त्या वेगळ्या आहेत हे सुरुवातीस न उमगल्यामुळे कुटुंबाच्या पहिल्या काही फेऱ्या व्यर्थ गेल्या. आवारात उभी असलेली गाडी आणि घरच्या कागदातली गाडी एकच आहे, हे प्रथम दाखवावे लागते. त्यानंतर त्या कागदावरचे नाव आणि समोर उभा असलेला माणूस यांचा संबंध दाखवावा लागतो. एक दुवा लोखंडापासून कागदापर्यंत जातो व दुसरा कागदापासून माणसापर्यंत, आणि यांपैकी कोणताही एक तुटका असला तर दुसरा कितीही भक्कम असून उपयोग होत नाही.

पहिल्या दुव्याचा आधार म्हणजे चेसिस क्रमांक, अर्थात वाहनाच्या सांगाड्यावर कारखान्यातच ठोकलेला सतरा चिन्हांचा क्रमांक. त्यात रोमन लिपीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी मिसळून वाचली जाण्याचा धोका असतो. नोंदणी क्रमांकाची पाटी दोन स्क्रू काढले की बदलता येते, आणि या गाडीवरची पाटीही बदललेली होती. चेसिस क्रमांक मात्र हँडलखालच्या नळीवर धातूतच उमटवलेला असल्यामुळे तसाच शिल्लक होता. इंजिनावरचा क्रमांक काही ठिकाणी कानशीने घासलेला होता. अशा घासलेल्या क्रमांकाबाबत न्यायसहायक प्रयोगशाळेची मदत घेता येते : ठसा ठोकताना त्याच्या खालचा धातूही दाबला जातो, त्यामुळे वरचा थर घासून काढल्यावरही त्या जागी रसायन लावले असता दाबलेला आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या रीतीने झिजतो व पुसलेली चिन्हे पुन्हा दिसू शकतात. या गाडीच्या बाबतीत चेसिस क्रमांक स्पष्ट वाचता आल्याने तेथवर जावे लागले नाही. तपासी अंमलदारांनी, म्हणजे गुन्ह्याचा तपास ज्यांच्याकडे होता त्या अधिकाऱ्यांनी, त्या क्रमांकावरून परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत शोध घेतला आणि वडिलांचे नाव समोर आले.

घरच्यांनी गाडी ओळखली ती निराळ्याच खुणांवरून. मागच्या बाजूला दुधाच्या किटल्या अडकवण्यासाठी वडिलांनी गावच्या लोहाराकडून बसवून घेतलेली लोखंडी कडी, टाकीच्या डाव्या अंगाला पडलेला पोचा आणि घरात राहिलेल्या दुसऱ्या किल्लीने उघडलेले कुलूप, एवढे लेखकाच्या आईला पुरेसे होते. पंचनाम्यात, म्हणजे पंचांसमक्ष लिहिलेल्या वर्णनात, या खुणांची नोंद करून घेण्याचा आग्रह कुटुंबाने धरला व तो योग्यच होता, कारण क्रमांकाविषयी पुढे वाद निघालाच तर अशा खुणा ओळखीला बळ देतात. तथापि खुणांनी ओळख पटते, हक्क सिद्ध होत नाही, हा भेद त्या दिवशी प्रथमच लक्षात आला.

दुसऱ्या दुव्यासाठी कायद्याची व्याख्या समजून घेणे आवश्यक ठरते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(30) नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक होय, आणि वाहन कर्जापोटी तारण असेल तर त्या कराराखाली ज्याच्या ताब्यात ते आहे तो मालक मानला जातो. गाडी विकत घेऊन, पैसे मोजून, वर्षानुवर्षे चालवूनही जर आरटीओच्या नोंदीत जुन्याच माणसाचे नाव राहिले असेल, तर या कायद्याच्या दृष्टीने तोच मालक उरतो. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच तत्त्व ठाम केले. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने केवळ सही केलेले हस्तांतरणाचे नमुने 29 आणि 30 कपाटात ठेवून भागत नाही, ते कार्यालयात दाखल होऊन नोंद बदलली जाणे आवश्यक असते.

नोंदणीधारक मरण पावला असता केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 56 लागू होतो. ज्याच्या ताब्यात वाहन येते त्याने मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे व तीन महिन्यांच्या आत नमुना 31 मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, अशी ती तरतूद आहे. लेखकाच्या कुटुंबाने यांपैकी काहीही केलेले नव्हते, कारण जी गाडी चोरीला गेली आहे तिच्या नावबदलाचा विचार दुःखाच्या त्या दिवसांत कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते. परिणामी ठाण्यात पहिल्या दिवशी जे सांगण्यात आले ते नोंदीच्या दृष्टीने बरोबरच होते : कागदावर ज्यांचे नाव आहे त्यांनी यावे, किंवा न्यायालयाचा आदेश आणावा. आईला ते वाक्य ऐकवत नव्हते. पण त्यातील दुसरा पर्याय हाच खरा मार्ग होता.

हा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 मध्ये आखून दिलेला आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली असून तिने 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. कलम 106 अन्वये पोलीस चोरीची असल्याचा संशय असलेली मालमत्ता जप्त करतात आणि तसे दंडाधिकाऱ्यांना कळवतात. कलम 497 व 503 अन्वये दंडाधिकारी त्या मालमत्तेचा ताबा कोणाकडे द्यायचा ते ठरवतात. जुन्या संहितेत हीच कलमे अनुक्रमे 102, 451 आणि 457 होती आणि तालुका न्यायालयाच्या आवारात आजही अनेकांच्या तोंडी जुनेच आकडे असतात. कलम 503 मधील शब्दयोजना महत्त्वाची आहे : मालमत्ता ‘ताब्यास हक्कदार’ असलेल्या व्यक्तीकडे सोपवावी, असे ते कलम सांगते. मालकीचा अंतिम निवाडा येथे होत नाही, तो प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत राहतो. खटला संपेपर्यंत वस्तू कोणाच्या हाती असावी, एवढेच येथे ठरते. मृत व्यक्तीच्या वारसाला या भेदामुळेच वाट मिळते, कारण नोंदणीत नाव नसले तरी ताब्याचा हक्क वारशाने दाखवता येतो.

त्यानुसार आईच्या नावाने अर्ज तयार झाला. त्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, फिर्यादीची प्रत, वडिलांचा मृत्यू दाखला, वारस दाखला आणि लेखक व त्याच्या बहिणीची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे जोडली गेली, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि एकाकडे ताबा जाताना इतरांची संमती दिसणे उचित असते. विमा कंपनीकडून चोरीची भरपाई घेतलेली नाही, असेही प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागले. गाडीला केवळ तृतीय पक्ष विमा होता व त्यात चोरीचे संरक्षण नसते, परंतु जेथे भरपाई मिळालेली असते तेथे वाहनावरचा हक्क विमा कंपनीकडे गेलेला असू शकतो, म्हणून हा प्रश्न विचारला जातो.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. सरकार पक्षाचे लेखी म्हणणे, ज्याला न्यायालयात ‘से’ म्हणतात, दाखल झाले तेव्हा त्यात नोंदणी प्रमाणपत्रावर एका पतसंस्थेचा बोजा दिसत असल्याची हरकत होती. वडिलांनी ते कर्ज काही वर्षांपूर्वीच फेडले होते. मात्र कर्ज फिटल्यावर नमुना 35 भरून आरटीओच्या नोंदीतून बोजा उतरवावा लागतो, ते राहून गेले होते. पतसंस्थेचे बेबाकी पत्र मिळवण्यात तीन आठवडे गेले आणि त्या काळात पाऊस सुरूच राहिला. आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची साखळी गंजली, आसनाखाली पाणी साचले आणि हे सारे पाहून परतताना आई काही बोलली नाही.

वाहने अशी कुजू नयेत यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2002 रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात मार्गदर्शन केले होते. जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, सविस्तर पंचनामा करून, छायाचित्रे काढून आणि योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत, आणि मुद्देमाल पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा अधिक काळ ठाण्यात राहू नये, असे त्या निकालाचे सार आहे. नव्या संहितेच्या कलम 497 मध्ये ही भूमिका अधिक स्पष्ट झाली आहे : मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार व्हावे, छायाचित्रे किंवा चित्रफीत घेतली जावी आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्याविषयी आदेश व्हावा. छायाचित्र पुराव्याची जागा घेऊ शकते, ही यामागची जाण मोलाची आहे, कारण साखळीवरचा गंज तपासाला काही देत नाही आणि गरीब घराचे साधन मात्र हिरावून घेतो. कुटुंबाच्या वकिलांनी युक्तिवादात याच निकालाचा आधार घेतला.

दंडाधिकाऱ्यांनी अर्ज मंजूर करताना घातलेल्या अटी अशा प्रकरणांत सर्वसाधारणपणे असतात तशाच होत्या : ठरावीक रकमेचा सुपूर्दनामा, म्हणजे वस्तू सांभाळण्याची व बोलावल्यावर हजर करण्याची लेखी हमी, लिहून द्यावा, खटला संपेपर्यंत गाडी विकू नये, तिचा रंग वा सुटे भाग बदलू नयेत, आणि न्यायालय सांगेल तेव्हा ती स्वखर्चाने आणावी. हस्तांतरणाच्या मनाईमुळे वारसनोंद अडू नये यासाठी तेवढी परवानगी अर्जातच मागितलेली होती व आदेशात ती मिळाली. हे वाक्य अर्जात नसते तर नाव बदलण्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागले असते, म्हणून अशाच परिस्थितीतील वारसांनी याकडे आवर्जून लक्ष द्यावे.

या अनुभवातून लेखकाच्या मनात जे ठसले ते असे की, वडिलांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती, तरीही त्यांनी फेडलेले कर्ज कागदावर फिटलेले नव्हते आणि त्यांच्या माणसांचे नाव कागदावर कोठेच नव्हते. बोजा उतरवणे, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घराबाहेरही सुरक्षित ठेवणे, चेसिस क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवणे, ही कामे क्षुल्लक वाटतात व पुढे ढकलली जातात. पण आपल्या पश्चात आपल्या माणसांना परक्यांच्या दारात कमी उभे राहावे लागावे, याची ती तजवीज असते. 2021 मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीने वाहनमालकाला नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालण्याची सोय मिळाली असून, ती नोंद असल्यास मृत्यूनंतरचे हस्तांतरण पुष्कळ सुकर होते.

गाडी ऑगस्ट महिन्यात घरी आली. सुपूर्दनाम्यावर आईने सही केली, मुद्देमाल कारकुनाने नोंदवहीत पोच घेतली आणि टेम्पोतून ती गावी आणावी लागली, कारण ती सुरू होत नव्हती. विलंबशुल्क भरून बोजा उतरवण्याचे व वारसनोंदीचे काम त्यानंतर पूर्ण झाले. नव्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरताना नामनिर्देशनाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालते असे आईला सांगण्यात आले होते. तिने तो रकाना सर्वांत आधी भरून घेतला व त्यात मुलीचे नाव घातले.