दोन न्यायमूर्ती

दर रविवारी विहारात आम्ही आठवी-नववीच्या मुलांसोबत वर्तमानपत्र वाचतो. परवा आरक्षणाची बातमी निघाली. आम्ही सांगितलं, २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीनं आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण मिळालं. उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख.

एका मुलीनं विचारलं, "दादा, माझी आई धुणीभांडी करते. मग आम्ही त्यात येतो?"

नाही. एससी, एसटी, ओबीसी त्यातून वगळलेत.

"म्हणजे गरिबीलाही जात लागते?"

आमचं भाषण तयार होतं, ते राहिलंच. नोव्हेंबर २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला : तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश लळित आणि न्यायमूर्ती भट यांचा आक्षेप नेमका याच वगळण्यावर होता. ती वहीत लिहू लागली. उरलेल्या तिघांचं म्हणणं पुढच्या रविवारी वाचायचं, असं मुलांनीच ठरवलंय.