चर्च वाढतंय म्हणतात, मग आकडा का हलत नाही?

माझ्या फोनवर धर्मांतराचा माल दोन्ही बाजूंनी येतो. मी जन्माने नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून सवय झालेली नाही) आणि शाळेतले निम्मे मित्र शाखेत जाणारे. मध्यंतरी एकच फोटो दोन ग्रुपवर आला. रात्रीचा मांडव, हॅलोजनचे दिवे, हात वर केलेली शे-दोनशे माणसं. एका ग्रुपवर खाली लिहिलेलं, 'जागे व्हा, गावंच्या गावं बाटतायत.' दुसऱ्यावर, 'प्रभूला गौरव! शेकडो आत्मे तारणात आले.' फोटो कुठला, कधीचा, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

दोघांनाही मोठाच आकडा हवा असतो. एकाला भीती घालायची असते, दुसऱ्याला देणगीदारांना अहवाल धाडायचा असतो.

आता सरकारी आकडे बघा. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते साधारण 10 लाख 58 हजार. 2011 मध्ये 10 लाख 80 हजार. म्हणजे दहा वर्षांत वाढ बावीस हजारांच्या आसपास. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. ख्रिस्ती लोकांचा वाटा 1.09 टक्क्यावरून 0.96 वर आला. त्यातही मुंबई आणि वसईचे कॅथलिक बाजूला काढले की आमच्यासारखे मराठवाडा-नगरकडचे प्रोटेस्टंट किती उरतात ते तुम्हीच ताडा. देशाचं घ्या. 1951 मध्ये 2.3 टक्के, 2011 मध्येही 2.3 टक्के. साठ वर्षांत सुई हलली नाही. प्यू या अमेरिकन संस्थेने 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30 हजार लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यात हिंदू म्हणून वाढलेले आणि आता स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे लोक निघाले 0.4 टक्के.

हे आकडे मी शाखेतल्या मित्राला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "अरे, हे लोक लिहितातच कुठे? कागदावर हिंदू, रविवारी चर्चमध्ये."

त्याचं हे म्हणणं निखालस खोटं नाही. मी राहतो त्या पिंपरी-चिंचवडच्या भागात आमचं जुनं चर्च आहे, घंटा असलेलं, बाकं असलेलं. तिथे नाताळ आणि कापणीचा सण सोडला तर उपासनेला पहिल्या चार ओळी रिकाम्या असतात. आणि तिथून दहा मिनिटांवर, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. ढोलकी, कीबोर्ड, टाळ्या. बहुतेक बायका. बीड, परभणी, लातूरकडून कामाला आलेल्या, घरकाम किंवा कंपनीत हाउसकीपिंग करणाऱ्या. यातल्या फार थोड्यांचा बाप्तिस्मा झालेला. गॅझेटमध्ये नाव-धर्म बदललेली बाई तर मला अजून भेटलेली नाही.

म्हणजे कागदावर चर्च वाढत नाही आणि हॉल मात्र भरलेला असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या दोहोंच्या मधे जी माणसं आहेत त्यांच्याबद्दल मला लिहायचंय, कारण कायद्याची चर्चा होते ती त्यांच्याबद्दल आणि त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

ही माणसं लिहीत का नाहीत, याचं सगळ्यात मोठं कारण 1950 चं आहे. अनुसूचित जातींचा जो राष्ट्रपतींचा आदेश निघाला त्यात अट होती की हिंदू असेल त्यालाच अनुसूचित जातीचं मानलं जाईल. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये ही धर्माची अट काढा असं सांगितलं, ते बासनात गेलं. 2022 मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. मग 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईचा दाखल्याचा दावा फेटाळला. ती नियमित चर्चला जाते, ही बाब तिच्या विरोधात गेली. निव्वळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

कायद्याचा कीस पाडणारे पाडोत. मला गावातला हिशोब माहीत आहे. आमच्या गावात म्हारवाड्यातली आणि मांगवाड्यातली माणसं ख्रिस्ती झाली म्हणून कुणी त्यांना विहिरीवर बोलावलं नाही. पाणी वेगळं ते वेगळंच राहिलं. सवलत मात्र गेली. आणि चर्चमध्ये तरी काय? सोयरीक जमवायची वेळ आली की आमच्यातले भले भले वडीलधारे हळूच विचारतात, "मूळचे कोण?" जातीचा दाखला गेला, जात गेली नाही.

नगरच्या मिशनचा इतिहास आमच्या घरात तोंडपाठ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 ला मुंबईत उतरले, 1831 ला नगरला आले. 'ज्ञानोदय' 1842 चं. मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतिरावांना प्रेरणा मिळाली, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षणही नगरला झालं, हे आता पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलंय. माझे आजोबा मिशनचे मास्तर होते. आठवडाभर खेड्यात शाळा, रविवारी त्याच खोलीत उपासना. त्यांच्या पिढीतली मंडळी वाढली ती शाळेमुळे आणि दुष्काळामुळे, असं ते स्वतः म्हणायचे. दुष्काळात मिशनने धान्य दिलं, पोरं सांभाळली. 'भाकरीसाठी बाटले' हे त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "भाकरी देणारा दुसरा कोण आला होता ते नाव सांगा."

आजच्या भांडणातलं बरंचसं तेव्हाही होऊन गेलंय. 1893 साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर वादळ उठलं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. हे धर्मांतर का? वर्तमानपत्रांनी रान उठवलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात मुलींना स्वतःला काय वाटत होतं याची चौकशी कितीशी झाली? आणि रमाबाई म्हणजे मिशनऱ्यांच्या मुठीतल्या बाई होत्या असंही नाही. बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडमधल्या पाद्र्यांशी आणि बायांशी त्यांनी केलेली पत्रापत्री वाचा. कुणाचंही निमूट ऐकून घेणारी बाई नव्हती ती.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तर आमच्याकडे निघतंच. 1895 ला बाप्तिस्मा, मग नगरला मिशनचं काम. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या मागोमाग आल्या, तेही स्वतःचं स्वतः पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सांगायला नको. पण टिळकांची शेवटची दोन वर्षं फार कुणी आठवत नाही. 1917 ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला मानतो पण समाज सोडत नाही, नाव बदलत नाही, असा माणूस त्यांना चालत होता. 1919 ला ते गेले आणि ती गोष्ट तिथेच राहिली. शंभर वर्षांनी हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल बघताना मला तो दरबार आठवतो. फरक एवढाच की टिळकांनी ते विचारपूर्वक मांडलं होतं आणि इथे ते दाखल्याच्या धाकाने झालंय.

आता कायदा. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क घटनेच्या कलम 25 मध्ये आहे. 1977 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ओडिशाचा कायदा 1967 चा, मध्य प्रदेशचा 1968 चा. महाराष्ट्रात 2025 च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हापासून आमच्या मंडळ्यांमध्ये हाच विषय आहे. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांना शिक्षा हवीच, त्याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. माझी हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. उत्तर प्रदेशचा 2021 चा कायदा बघा. धर्म बदलायचा असेल तर 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं, मग पोलीस चौकशी करणार. बदलल्यावर पुन्हा 60 दिवसांत घोषणापत्र द्यायचं, ते कार्यालयाच्या फलकावर लागणार, कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून.

घरात नवऱ्याचा मार खाणारी, धुणीभांडी करणारी बाई हे करील का? ती बाप्तिस्माच घेणार नाही. हॉलमध्ये येत राहील. म्हणजे ज्या 'लपून ख्रिस्ती' लोकांची तक्रार आहे ते अशा कायद्याने आणखी वाढतील. हे मी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "मग हॉलच बंद करायचे." बोलणं तिथे संपलं.

आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत, नाहीतर हे लेखन एकतर्फी होईल. चंगाईच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं मला सहन होत नाही. "गोळ्या बंद कर, विश्वास ठेव," असं एका पास्टरने साखरेच्या पेशंटला माझ्यासमोर सांगितलं. मी तिथेच त्याला अडवलं. तो मला 'थंड पडलेला ख्रिस्ती' म्हणाला. म्हणू दे. साक्षीचे व्हिडिओ काढून बाईचा चेहरा यूट्यूबवर टाकायचा, 'आधी ही अंधारात होती' म्हणून तिच्या सासरच्या देवांना नावं ठेवायची, आणि मग गावात राडा झाला की छळ झाला म्हणून ओरडायचं. छळ होतो, तो खराच होतो. पण व्हिडिओ टाकणारा पुण्यात असतो आणि मार गावातल्या बाईला पडतो. आजोबा खेड्यात पस्तीस वर्षं राहिले, विठोबाला नाव ठेवल्याचं कुणाला आठवत नाही. ते ख्रिस्ती कीर्तन करायचे, वारकरी ऐकायला बसायचे.

जुन्या चर्चबद्दल काय बोलावं. आमच्या वार्षिक सभेत तीन तासांपैकी अडीच तास ट्रस्टच्या जमिनीवर जातात. कुणी विकली, कुणी सही केली, तारीख कधी आहे. मंडळीतली तरुण पोरं कुठे गेली, हा विषय 'आयत्या वेळचे विषय' यात येतो आणि तेवढ्यात चहा येतो.

मग हॉलमध्ये बायका का जातात? पैसे मिळतात म्हणून जातात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मागच्या खुर्चीवर येऊन बसावं. तिथे पैसे मिळत नाहीत, उलट दशांशाची थाळी फिरते. मी जे पाहिलं ते सांगतो. सभा संपल्यावर अर्धा तास प्रत्येकीला आपलं काय चाललंय ते बोलायला मिळतं. नवऱ्याची दारू, पोराचं अ‍ॅडमिशन, गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितलीय, बचत गटाचा हप्ता थकलाय. दुसरी कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून, तिचं नाव घेऊन, मोठ्याने प्रार्थना करते. आठवड्यातून एकदा आपलं नाव कुणीतरी मोठ्याने घेतं. चाळीत, कंपनीत, रेशनच्या रांगेत तिला 'ए मावशी' म्हणतात.

त्यातल्या एका बाईने मला मागच्या महिन्यात विचारलं, "काका, ते जनगणनेवाले येणारेत ना, त्यांना काय सांगायचं?" मोठी जनगणना 2027 च्या फेब्रुवारीत आहे, यंदा जातही विचारणार आहेत. बाई मूळची परभणीकडची. घरात देव्हारा आहे, खंडोबाचा टाक आहे, नवरा पूजा करतो. ती चार वर्षं हॉलमध्ये येते. बाप्तिस्मा नाही. पोरगा बारावीला आहे आणि त्याच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायचीय.

मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. जनगणनेत दिलेली माहिती गोपनीय असते, तसा 1948 चा कायदाच आहे, ती कोर्टात पुरावा म्हणून कुणाला वापरता येत नाही. तू जे मानतेस ते सांगायला हरकत नाही.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कागद गोपनीय असेल हो काका. पण लिहून घेणारे गुरुजी आमच्याच गल्लीतले असत्यात. पोराचं अ‍ॅडमिशन होऊ द्या, मग बघू." आणि दुसऱ्या पाळीला उशीर होतोय म्हणून चप्पल शोधायला लागली.